भात्यावरच्या सात टिकल्या

मी एक जुनी पेटी आहे. मित्रांनो, माझं अंग सागवानी, सूर पितळेचे. पण माझ्या भात्याच्या घड्यांवर कपाळाच्या टिकल्यांच्या सात खुणा आहेत. त्या कशा आल्या, तेवढं ऐका.

सरोजिनीबाई कीर्तनकार. त्यांचे यजमान अनंतराव मला वाजवत. धायरीच्या देवळात बाई दरवर्षी सृष्टीवर कीर्तन करायच्या. तेव्हा त्या कपाळाला लावायच्या सात टिकल्या माझ्या भात्यावर चिकटवत. भाता उघडला की टिकल्या लांब लांब जायच्या. "दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची गावं, अशाच दूर जाताहेत. पण एकमेकींच्या ओढीनं वेग मंदावतोय," बाई सांगायच्या. भाता हळूहळू थांबे, लोक माना डोलवत. मला धन्य वाटे.

नव्याण्णव साली भाचा आमोद हडपसरच्या संगणक कंपनीतून छापील कागद घेऊन आला. "मावशी, फार दूरच्या फुटलेल्या ताऱ्यांची अंतरं मोजलीत. वेग मंदावत नाहीये, वाढतोय. शास्त्रज्ञांनी पूर्वी विश्वाच्या समीकरणात घालून पुन्हा काढून टाकलेला विश्वस्थिरांक, म्हणजे एक ठरावीक आकडा, आता परत आणताहेत. रिकाम्या जागेतच ढकलणारा जोर असावा म्हणे."

अनंतराव म्हणाले, "अगं, राहू दे. चुकले म्हणालीस, तर पुढच्या वर्षी कोण बोलावेल?"

"न बोलावोत. नारदाच्या गादीवर उभी राहून माहीत असलेलं खोटं सांगू?"

त्या कीर्तनात नमन होताच बाईंनी हात जोडले. "इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. विश्व दमत नाहीये."

देवळाचे विश्वस्त रावसाहेब पुढूनच म्हणाले, "विश्वानं यंदा टॉनिक सुरू केलेलं दिसतंय."

मंडप हसला. बाईही हसल्या. "केलंय खरं. कुठलं, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. मलाही नाही."

अनंतरावांनी या खेपेला भाता थांबवला नाही, वेगानं उघडत नेला. माझी जुनी घडी फाटली, सूर गेला. उरलेलं कीर्तन बाईंनी नुसत्या टाळांवर केलं. मी मान खाली घालून ऐकत होते.

आरती झाल्यावर रावसाहेब बाईंच्या पाया पडले. "पुढच्या वर्षी पेटी नीट करून आणा. आणि तोवर विश्वाच्या गोष्टीत काही बदललं, तर तेही इथंच सांगा."

आता बाई थकल्या. त्यांची नात स्वराली कीबोर्ड वाजवते, मी कपाटावर असते. मित्रांनो, घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर अधूनमधून तिचा भाता उघडा. मिटून राहिलेली घडी ठिसूळ होते. ठिगळ लावा, धूळ झटका. टिकल्यांच्या खुणा मात्र राहू द्या.