माझ्या कॅरिअरला हात लावायचा नाय

मी सायकल बोलतेय. लेडीज सायकल, चॉकलेटी रंगाची. पुढं जाळीची टोपली, मागं कॅरिअर, गिअर एकही नाही. आधीच सांगते, मला गोडगोड बोलता येत नाही, लोखंडाची आहे मी. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, ज्याला घाई आहे त्यानं घंटी वाजवून पुढं जावं.

माझा जन्म पंजाबातल्या कारखान्यात झाला. तिथून पुठ्ठ्यात गुंडाळून, सुट्या भागांत, ट्रकमधून पेणला आले. बाजारातल्या मुसाचाचांनी मला जोडलं. चाकाची एकेक तार ते बोटानं छेडत, कान देत, आवळत गेले. सगळ्या तारा सारख्या वाजल्या तेव्हा म्हणाले, "झाली पोरगी उभी."

मला पहिल्यांदा नेलं पद्मजाबाईंनी. त्या शाळेत शिकवतात. त्यांची लेक उर्वी आठवीत गेली म्हणून मी आले. दहावीपर्यंत उर्वीनं मला जपलं, रुमालानं पुसलं, हँडलला रिबिनी बांधल्या. मग ती पुण्याला शिकायला गेली आणि मी जिन्याखाली गेले. माणसं वस्तू टाकत नाहीत, "राहू दे" म्हणतात. टाकण्यापेक्षा ते वाईट. चार वर्षं मी राहिले. माझ्या हँडलवर पायपुसणी वाळली, टोपलीत कांदे राहिले, मागच्या चाकाजवळ मांजर व्यायली.

चांगुणा शनिवारी पद्मजाबाईंकडे तांदळाच्या भाकऱ्या द्यायला यायची. रामवाडीची बाई, चौथी शिकलेली, नवरा गेलेला, मुलगी सासरी. तिनं एकदा मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"बाई, ही सायकल हाय का कांद्याची कणगी?"

"अगं, पडून आहे. कुणी चालवत नाही."

"मग मी चालवीन."

"तुला येते?"

"नाय. शिकीन."

त्रेचाळिसाव्या वर्षी शिकली. रामवाडीच्या मैदानात अकरा वेळा पडली, मी मोजलंय, कारण दर वेळी खाली मी होते. कट्ट्यावरच्या बायका खिदळायच्या. काशीबाई नावाची शेजारीण ओरडली, "काय गो चांगुणे, सर्कशीत चाललीस काय?"

"व्हय गो. तू पुढच्या रांगेत बस. तिकीट नाय घेणार."

बाराव्या वेळी पडली नाही. त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोघी रोज डोलवीला जातोय. तिथल्या एका खानावळीत ती कंपनीतल्या कामगारांसाठी भाकऱ्या थापते. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर. बाजूनं ट्रेलर धडधडतात, समोरून खाडीचा खारा वारा छातीवर येतो. तिच्या पोटऱ्या बघाल तर नारळाच्या बुंध्यासारख्या झाल्यात.

रविवारी त्या रस्त्यावर दुसरीच जत्रा असते. रंगीत टोप्या, काळे चष्मे, घट्ट चड्ड्या. पेणची सायकलवाली टोळी. तिचा म्होरक्या उबेद, मुसाचाचांचा मुलगा. दुबईतून परत आला तो सायकल घेऊनच. दुसरा ध्रुव, बँकेत नोकरी, सत्तावीस गिअरची सायकल. तिसरी सावनी, नर्स आहे, टोळीत सगळ्यांत चपळ. आणि चौथे गोपाळ गुरुजी. पन्नाशीचे, एकटे, मिशीला थोडा रंग लावणारे.

एका रविवारी आम्ही या सगळ्यांना मागं टाकलं. मुद्दाम नाही, भाकऱ्यांची वेळ चुकत होती. उबेद हसून हसून हँडलवर पडला. "या अल्ला! ध्रुव, तुझे सत्तावीस गिअर मागं राहिले, टोपली पुढं गेली!"

सावनी जोरात पायडल मारत आमच्या बरोबरीला आली. "ताई, आमच्याबरोबर चला ना. मार्गशीर्षात आम्ही ताम्हिणी घाट चढणार आहोत."

चांगुणानं त्या घाटाचं नाव ऐकलं होतं. खानावळीत भिंतीवर त्याचं चित्र होतं कॅलेंडरात. धबधबे, धुकं, वळणाचा रस्ता. तीन वर्षं ती त्या चित्रासमोर भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "येईन."

ध्रुव धापा टाकत पोचला. "या, पण ही सायकल नाही चालायची ताई. एखादी गिअरची भाड्यानं घ्या."

"ही नाय तर मी पण नाय."

मला हुंदका येत नाही. चेन मात्र जरा कुरकुरली.

टोळीचा नियम ठरलेला होता आणि मुसाचाचांच्या दुकानात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून टांगलेला होता. ज्याला ताम्हिणीला यायचं त्यानं आधी भिसे खिंड चढून दाखवायची. पेणहून निघायचं, नागोठण्याला रोह्याच्या रस्त्यानं वळायचं, खिंड चढायची. पाय टेकायचा नाही, उतरायचं नाही, कुणी कुणाला ढकलायचं नाही. जो चढला त्याचं नाव उबेद यादीत लिहिणार. ज्याचा पाय टेकला त्यानं रोह्यात सगळ्यांना चहा पाजायचा आणि पुढच्या रविवारी परत यायचं.

"आणि ही पोर?" चांगुणानं माझ्या सीटवर थाप मारली.

"ही चढली तर हिचंही नाव लिहीन," उबेद म्हणाला.

म्हणजे बघा, माझीही परीक्षा होती. ती नसती तर मी परत जिन्याखालीच गेले असते, आणि माझ्याशिवाय ती जाणार नव्हती.

नवरात्र संपल्यावरच्या रविवारी, खानावळीतून सुट्टी घेऊन, निघालो. वडखळला उजाडलं. भात पिवळं पडायला लागलं होतं, डोंगर अजून हिरवे. सावनीनं दिलेलं हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून चांगुणानं वेणी घातली होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट.

या सायकलवाल्यांचं मी एक बघितलंय. सपाटीवर सगळे पुरुष शायर असतात. चढ लागला की सगळे मुके.

सपाटी होती तोवर ध्रुवचं सुरू होतं. "सावनी, तू पुढं असलीस की रस्ता कसा सुंदर दिसतो."

"मग मागंच राहतोस त्याला हे कारण होय? मला वाटलं दम लागतो."

"मनापासून बोलतोय गं."

"मनापासून नको, पायापासून बोल."

उबेद मागून ओरडला, "ह्याच्या सायकलीला गिअर सत्तावीस, बोलायला एकच! कुणासमोर पण तोच टाकतो."

गुरुजींचं जरा जपून चालायचं. ते आमच्या शेजारी आले. "चांगुणाबाई, तो डोंगर बघितलात? काय हिरवा आहे!"

"बघितला. तो काय पळून नाय चाललाय."

"नाही म्हणजे... सोबत असली की निसर्ग वेगळा वाटतो."

"गुरुजी, वर्गात पोरांना पण असंच फिरवून फिरवून सांगता काय? मग नापास होतील नाय तर काय."

उबेद आणि सावनी खो खो हसले. गुरुजीही हसले, मिशीत. चांगुणाला राग आला नव्हता. मला कळतं ते, तिची मूठ हँडलवर सैल होती.

नागोठणं मागं पडलं. रस्ता वळला आणि समोर उभा राहिला.

खिंडीचं वर्णन मी काय करू? दोन्ही अंगांना झाडी, माकडं कठड्यावर, खाली भाताची खाचरं. बघायला फार छान. पण मला गिअर नाहीत. गिअरच्या सायकली चढावर गोगलगाय होतात, पाय भराभर फिरतात, चाक हळू. माझं एकच दुखणं, जेवढा चढ तेवढा भार. चांगुणा सीटवरून उठली, पायडलवर उभी राहिली, आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा जरा डावीकडं, जरा उजवीकडं, अशी नागमोडी चढत गेली. सावनी दिसेनाशी झाली. ध्रुव तिच्या मागं, मुका. उबेद वर पोचला. आमच्या मागं फक्त गुरुजी.

शेवटचं वळण सगळ्यांत खडं. तिथं चांगुणाचा श्वास फाटला. पुढचं चाक डुगडुगलं. मला वाटलं, आता पाय जाणार खाली.

आणि एकदम सगळं हलकं झालं.

खरं सांगते, मला बरं वाटलं. एक क्षणभर. मग कळलं, माझ्या कॅरिअरवर पाच बोटं आहेत. गुरुजींनी एका हातानं आपलं हँडल धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं मला ढकलत होते. तोंडावर असा भाव की देवळाची पायरी बांधून देतायत.

वर पोचलो. सावनीनं टाळ्या वाजवल्या. ध्रुवनं शिट्टी मारली. उबेद वळणाच्या पलीकडं होता, त्याला काही दिसलंच नव्हतं. त्यानं खिशातून कागद काढला. "लिहितो ताई! चांगुणाताई आणि चॉकलेटी!"

"नको लिहू."

"का?"

चांगुणानं श्वास घेतला आणि मागं वळली. "गुरुजी, ढकललंत ना?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "अहो, थोडासाच हात..."

"रोज डोलवीला जाते मी. वारा मागून आला तरी माझ्या पायाला कळतो. हात मागून आलेला नाय कळणार?"

"तुमचं चाक डुगडुगत होतं. मदत केली मी."

"मागितली होती?"

गुरुजींनी मिशीवरचा घाम पुसला.

ध्रुव म्हणाला, "जाऊ दे ना ताई. पाय टेकला नाही तुमचा. आणि कुणी बघितलं पण नाही."

"मी बघितलं."

"मग आता?"

तिनं माझं तोंड उताराकडं फिरवलं. "आता परत."

सावनी धावत आली. "ताई, पाय थरथरतायत तुमचे. पुढच्या रविवारी करू."

"थरथरतात म्हणजे जिवंत हायेत. हे बघ पोरी, ताम्हिणीला मी वरून खाली बघीन तेव्हा मला माझं वाटलं पाहिजे. गुरुजींच्या हातानं चढलेली खिंड मी काय करू, उसनी साडी नेसल्यासारखी?" मग गुरुजींना म्हणाली, "तुम्ही पण चला. पुढं राहायचं. दोन्ही हात हँडलवर, मला दिसले पाहिजेत."

गुरुजी बिचारे निमूट निघाले.

खाली उतरायला काही मिनिटं लागली. ती मला खूप लांब वाटली, कारण उतरताना प्रत्येक हात रस्ता मी मोजत होते, परत चढायचा म्हणून. पायथ्याला चांगुणा पाणी प्यायली, उरलेलं तिनं माझ्या चेनवर नाही, आपल्या मानेवर ओतलं. पदर परत खोचला.

"चल गो माझे बाय."

या वेळी ती नागमोडी गेली नाही. समोरून गाड्या येत होत्या. सरळ चढली. एकेक पायडल म्हणजे एकेक भाकरी, थापली आणि टाकली, थापली आणि टाकली. तोंडानं मोजत होती. माझी चेन ताणून ताणून तुटेल असं वाटलं. मी मनात म्हटलं, तुटायचं तर घाटात नाही, रोह्यात तुट. तुटली नाही.

अर्ध्या वाटेवर पुढून खट्ट आवाज आला. गुरुजींनी घाईत गिअर चुकीचा टाकला होता. सायकल जागच्या जागी अडली आणि गुरुजींचा उजवा पाय धपकन रस्त्यावर.

"बाजूला व्हा!" चांगुणा ओरडली. गुरुजी गटाराच्या कडेला सरकले. आम्ही त्यांच्या शेजारून गेलो. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर थांबली असती.

शेवटचं वळण आलं. श्वास परत फाटला, चाक परत डुगडुगलं. माझं कॅरिअर रिकामं होतं. मागं फक्त वारा, तोही विरुद्ध. तिनं दात खाल्ले, पोट आत घेतलं, आणि डावा पाय, उजवा पाय, डावा, उजवा. ध्रुव वरून ओरडत होता, आता त्याला शायरी सुचत नव्हती, फक्त "ताई! ताई! ताई!"

वर पोचल्यावर तिनं पाय टेकला. मग खाली बसली, रस्त्याच्या कडेला, आणि मला मांडीवर आडवं घेऊन बसली.

"लिही आता," ती उबेदला म्हणाली.

त्यानं लिहिलं. दोन नावं.

मागून गुरुजी सायकल हातात धरून चालत आले. उबेदनं पेन त्यांच्याकडं रोखलं. "गुरुजी, तुमचा पाय टेकला."

"ती दुसरी खेप होती रे! माझी पहिली धर ना."

"पहिलीत तुमचा एक हात दुसऱ्याच्या सायकलीवर होता. नियम तुम्हीच माझ्याकडून शुद्ध लिहून घेतलात. चहा तुमच्याकडं."

रोह्यात कुंडलिकेच्या काठाजवळ टपरीवर बसलो. गुरुजी कप घेऊन चांगुणासमोर उभे राहिले. मिशी घामानं चिकटलेली, रंग गालावर आलेला.  या वेळी फिरवून नाही, सरळ बोलले.

"चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"व्हय."

"मला पुढच्या रविवारी परत खिंड चढायची आहे. तुम्ही... याल का सोबत?"

चांगुणानं चहाचा घोट घेतला. सावनी आणि ध्रुव नदीकडं बघत होते, कान मात्र इकडं.

"विचारलंत ना? मग येईन. पण ढकलणार नाय."

त्यानंतर गुरुजी दोन रविवार हरले आणि तिसऱ्या रविवारी चढले. आम्ही दोघी दर वेळी वरती उभ्या होतो. आता यादीत त्यांचंही नाव आहे, सगळ्यांत खाली.

मार्गशीर्ष लागलाय. मुसाचाचांनी मला नवे ब्रेकचे गुटके बसवलेत, म्हणाले, चढायचं तुला येतं, आता उतरायची तयारी कर. ताम्हिणी भिसे खिंडीच्या कितीतरी पट आहे म्हणतात. असू दे. माझं वय झालंय, रंग उडालाय, टोपलीची एक तार निखळलीय. पण मी जिन्याखालची नाही, रस्त्यावरची आहे.

तुम्हाला एवढंच सांगते. चढावर एखादी बाई दिसली, धापा टाकणारी, डुगडुगणारी, तर हाक मारा, चिडवा, डोंगर दाखवा, वाटलं तर शायरी पण म्हणा. मदत करायची झाली तर आधी विचारा. ती नाय म्हणाली तर शेजारून चालवत राहा. तेवढी सोबत पुरते.