गेणबांचा सिनेमा

१९५७ साली हे झालं. पुण्याचे नरहर आगटे आमच्या ओसरीवर मुक्कामाला होते. पाठीशी कुणी कंपनी नव्हती. गोष्ट स्वतः लिहायची आणि कॅमेराही स्वतःच चालवायचा. मुळशीच्या धरणात बुडालेल्या गावांवर त्यांना सिनेमा करायचा होता. मे महिन्यात पाणी ओसरलं, जुन्या घरांची जोती उघडी पडली, तेव्हा माझे सासरे गेणबा त्यांच्यासाठी गाळातून आपल्या बुडालेल्या घरापर्यंत चालत गेले.

"सायेब, मला कवा दावणार?" मामंजी रोज विचारायचे.

"दिवाळीला, बाबा."

आषाढात मामंजी तापानं गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळीन, असं आमच्या ह्यांनी सांगितलं. धाकट्या नणंदेच्या लग्नाचा शब्द दिला. कावळे झाडावरून हलेनात.

चुलतसासरे हैबतराव पावसात वैतागले. "आवो सिनेमावालं, म्हातारा तुमच्यात गुतलाय. बोला की! का आमाला हितंच भिजवताय?"

आगट्यांनी हात जोडले. "बाबा, सिनेमा पुरा करीन आणि आधी याच गावात दाखवीन."

लगेच कावळा उतरला.

पुढं मुंबईचा एक निर्माता सिनेमा घ्यायला तयार झाला, पण म्हाताऱ्याच्या जागी नट घाला म्हणाला. आगट्यांनी नकार दिला. मला म्हणाले, "वहिनी, बाबा स्वप्नात येऊन तेच विचारतात."

पाच वर्षांनी त्यांनी देवळापुढं पडदा बांधला. मामंजी पाठमोरे चालत गेले, लहान होत होत जोत्यामागं दिसेनासे झाले. पडदा पांढरा पडला.

सासूबाई रंभाबाई पदर सावरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आन माघारी येताना?"

"ते घेतलं नाही, आजी. रीळ संपलं होतं."

"मंग त्यांना तितंच ठिवलं व्हय तुमी?"



हैबतराव दुसऱ्या वर्षी गेले. आमचे हे पौडच्या कचेरीत शिपाई झाले. सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, पण धरणाकडचं दार त्यांनी कधी लावू दिलं नाही. आगट्यांनी दुसरा सिनेमा केला नाही. दर मे महिन्यात येऊन ते रिकाम्या गाळावर कॅमेरा लावून बसत. ते वारल्यावर त्यांच्या पेटीत बारा रिळं निघाली. त्यांच्या पुतण्यानं मला ती बघायला बोलावलं होतं. मी गेले नाही.