कुमुदिनीचा रोल

माझी बायको कुमुदिनी कंपू भागातल्या इस्पितळात वारली. त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा जुने जागीरदार महिपतराव माझ्या माधवगंजातल्या घड्याळांच्या दुकानात आले आणि तिच्या कॅमेऱ्याची चौकशी करू लागले.

"कॅमेरा ठेव तुझ्याकडे, बळवंत. त्याच्यात रोल आहे ना, तो दे. नाहीतर असं कर, इथेच उन्हात झाकण उघड. माझ्यासमोर."

उजेड लागला की रोल खलास होतो, एवढं त्यांना मालूम होतं.

त्या रोलवर त्यांची मुलगी राजलक्ष्मी होती. मुलगी इंटर पास. आमचं मध्यभारत राज्य मोडून नव्या मोठ्या राज्यात जायचं होतं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, आणि तिकडे मास्तरणींच्या जागा निघाल्या होत्या. फॉर्मवर फोटो हवा होता, डोक्यावर पदर नसलेला. वीस ऑक्टोबरच्या आत. राजलक्ष्मीने बापाच्या मागे कुमुदिनीला घरी बोलावलं. फोटो झाला आणि चौथ्या दिवशी कुमुदिनीला ताप चढला. पुढे घरात बोभाटा झाला, मुलीचं बाहेर जाणं बंद झालं. दुसरा फोटो निघणं शक्य नव्हतं.

"मी देणार नाही," मी म्हणालो.

"आमची जागीर गेली, म्हणून तू असा बोलतोस."

"जागीर होती तेव्हाही दिला नसता, महिपतराव."

मी त्यांना 'सरकार' म्हटलं नाही. माझ्या बापाने त्यांच्या बापाला जन्मभर म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं. "परवा येतो," म्हणाले आणि गेले.

कॅमेऱ्याबद्दल सांगतो. एक्सा नावाचा, जर्मनीत ड्रेस्डेन गावी झालेला. लढाईत ते गाव जळालं, कारखानाही जळाला. लोकांनी पुन्हा कामं सुरू केली आणि काही वर्षांत हा स्वस्तातला कॅमेरा काढला, त्यांच्याच महागड्या कॅमेऱ्याचा गरीब भाऊ. हे मला मिलमधल्या एका परदेशी इंजिनिअरने सांगितलं. चंबळच्या काठी त्याच्या हातून तो वाळूत पडला होता आणि अडकला होता. दुरुस्तीला माझ्याकडे आणला. मी सगळा उघडून पाहिला. बॅटरी नाही, तार नाही, स्प्रिंगा आणि दात्यांची चाकं. आत एक आरसा, आणि तोच आरसा वर उचलला जाऊन शटरचंही अर्धं काम करतो. एका पुर्ज्यात दोन कामं, म्हणून स्वस्त. सेकंदाच्या दीडशेव्या भागापेक्षा जास्त वेग नाही. पळता घोडा त्यात नीट येणार नाही, बसलेलं माणूस चांगलं येतं. इंजिनिअर मायदेशी जाताना म्हणाला, तुम्हीच ठेवा.

मी ठेवला, चालवला कुमुदिनीने. आमच्या लष्कर नावाच्या वस्तीतल्या मराठा सरदारांच्या घरांत गोषा. बाप्या फोटोवाला आत जाऊ शकत नाही. ही जाऊ लागली. तिचा एकच कायदा होता. जिचा फोटो तिने किंवा तिच्या घरच्या बाईने आधी पाहायचा, त्याआधी कुठल्याही पुरुषाने नाही. त्यात मीही आलो. तीन वर्षं तिने दुकानामागच्या आमच्या स्वैपाकघराच्या खिडक्यांना गोधड्या लावून रोल धुतले आणि मी पडद्याबाहेर घड्याळ घेऊन बसलो. ती आतून विचारायची, "किती झालं?" मी सांगायचो. एवढाच माझा वाटा.

म्हणून तर पंचाईत होती. रोल धुवायचा कोणी? बाजारातल्या सगळ्या स्टुडिओंत पुरुष, आणि महिपतरावांनी त्यांना आधीच दम भरलेला.

मी विचार केला की रोल धुतला जातो तो अंधारात. अंधारात मी पुरुष काय आणि बाई काय. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं, गोधड्या लावल्या. आधी एक वाया गेलेली फिल्म घेऊन डोळे मिटून डब्यात गुंडाळायची सवय केली. मग तिचा रोल काढला. किती मिनिटं कशात ठेवायचा, ते मला तीन वर्षं ऐकून पाठ होतं. धुऊन झाल्यावर फिल्म दोरीला टांगली आणि तिच्याकडे पाठ करून बाहेर आलो. पाहावंसं वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. कुठेतरी, एखाद्या आरशात का होईना, कुमुदिनी आली असेल असं वाटत होतं. पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर टांगा थांबला. महिपतरावांच्या पत्नी लीलाताई उतरल्या. त्या बोळाच्या दाराने थेट स्वैपाकघरात गेल्या आणि पडद्याआडून म्हणाल्या, "बळवंतराव, तुम्ही रोल दिला नाहीत असं घरी ऐकलं. फॉर्म घेऊन आले आहे. आता काय करायचं ते सांगा."

"करावं तुम्हालाच लागेल, बाईसाहेब. दिव्याला लाल कागद लावला आहे. फिल्म फोटोच्या कागदावर ठेवायची, वर काच, मग क्षणभर साधा दिवा लावायचा आणि कागद औषधाच्या पाण्यात टाकायचा. मी बाहेरून सांगतो."

"मी आजवर चहासुद्धा स्वतः केला नाही हो."

"मग हाताला जुन्या खोडी नाहीत. बरंच आहे."

त्या हसल्या. मग दोरीवरून फिल्म सोडवल्याचा आवाज आला.

"बाईसाहेब, त्यात कुमुदिनी कुठे आहे का?"

"नाही हो. ती फोटो घेत होती ना."

मी घड्याळ हातात घेतलं. पहिला कागद काळा झाला, दुसरा पांढराच राहिला. तिसरा पाण्यात टाकला तेवढ्यात महिपतराव काठी टेकत दुकानात आले.

"कुठे आहे?"

"आत. फोटो धुतला जातोय."

"कोण धुतंय?"

मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "आत येऊ नका. उजेड लागेल."

महिपतरावांनी आवाज ओळखला. दोन पावलं पडद्याकडे गेले आणि थांबले. दुसऱ्याच्या स्वैपाकघराचा पडदा त्यांनी आयुष्यात कधी उचलला नव्हता. आत बाई आहे हे कळल्यावर तर नाहीच. काठी हातात, तसेच उभे राहिले. मी त्यांना स्टूल दिलं. बसले नाहीत.

"किती झालं?" लीलाताईंनी विचारलं.

"अजून दोन मिनिटं."

"बळवंत," महिपतराव हळू बोलले, "आमच्या आळीतलं एकही घड्याळ उद्यापासून तुझ्याकडे येणार नाही."

"नका पाठवू."

"उपाशी मरशील."

"मरेन. रोल कुमुदिनीचा होता."

लीलाताई फॉर्म घेऊन बाहेर आल्या. दोन बोटांएवढा फोटो त्यावर डकवलेला, अजून ओलसर. त्या नवऱ्याजवळून गेल्या आणि म्हणाल्या, "मुलीची सही परवाच घेतली होती. घरी जाऊन जेवून घ्या, मला वेळ लागेल."

मी दुकानाला कुलूप लावलं. महिपतराव बाहेर पायरीवर राहिले. लीलाताई टांग्यात बसल्या, मी टांगेवाल्याशेजारी बसलो, आणि मोठ्या पोस्टात जाऊन फॉर्म रजिस्टर केला.

उत्तर घरी आलं तर महिपतराव ते मुलीच्या हाती पडू देणार नाहीत. म्हणून पत्ता माझ्या दुकानाचा दिला आहे. उत्तर हो येवो की नाही, ते घेऊन मी दिवसाढवळ्या त्यांच्या दारात जाणार आणि राजलक्ष्मीला हाक मारणार.