गुरुवारखालचा एक

मी एक जुना पांढरा फळा आहे. कोपऱ्याला पोचा पडलेला, कडेची पट्टी सुटलेली. सध्या ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात, एका कचेरीच्या अडगळीत, मोडक्या पंख्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. तसं तोंड मला कधीच नव्हतं, मित्रांनो, आणि माझं सगळं दुःख त्यातच आहे.

उत्तरेकडच्या दूरदूरच्या वस्त्यांवर कोणती नर्स, कोणता डॉक्टर सरकारी सेवेला कधी जाणार, ते माझ्यावर ठरायचं. डावीकडे गावं, वर तारखा, आणि प्रत्येकाच्या नावाचं एक लोहचुंबक. येणारा-जाणारा साहेबाआधी मला बघायचा. थोडा ताठा होता मला, कशाला खोटं बोलू?

नागपूरची करुणा आणि श्रीनिवास, दोघं मिळून मला सांभाळत. त्यांचा एक नेम होता. एकाने तारीख लिहायची, दुसऱ्याने बोट ठेवून दिवस मोठ्याने मोजायचे. मगच चुंबक हलायचं.

मग साथ आली. राज्याराज्यांच्या सीमा बंद झाल्या आणि श्रीनिवास सिडनीला, स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आपल्या घरी अडकला. करुणा एकटी उरली, फोन मात्र दुप्पट झाले. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला वस्तीवर जाण्याआधी चौदा दिवस क्वारंटीन असायचं.

एका बेटावरच्या दवाखान्यात लीना नावाची नर्स अकरा आठवडे एकटी होती. बदली माणूस आल्याशिवाय तिला जागा सोडता येत नव्हती, आणि तिकडे ॲडलेडला, मॉसन लेक्समध्ये, तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. करुणाने दहा ठिकाणी विनवण्या करून विवेक नावाचा नर्स मिळवला. तो मेलबर्नहून गुरुवारी उतरला आणि क्वारंटीनला गेला. करुणाने गुरुवारखाली '१' लिहिला.

तिथेच घात झाला. आपल्याकडे बाळ जन्मतं तोच पहिला दिवस धरून बारसं ठरवतात, तसं तिचं बोट आपसूक पडलं. सरकार उतरल्याच्या दिवसाला शून्य धरतं. करुणाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. दमली होती बिचारी, आणि मोठ्याने मोजायला कुणी नव्हतं. मला दिसत होतं, पण सांगणार कसं?

दुसऱ्या बुधवारी लीनाचा फोन आला.

"करुणाताई, उद्याचं फिक्स ना गं? बाबा सारखं विचारतायत."

"एकदम फिक्स. विवेकचं क्वारंटीन आज संपतंय. नो वरीज, तू बॅग भर."

गुरुवारी सकाळी विवेकला क्वारंटीन केंद्राच्या फाटकावरच अडवलं. त्याची सुटका संध्याकाळी होती, आणि बेटाचं विमान आठवड्यातून एकदाच, सकाळी सुटायचं; विवेकला सोडून तेच लीनाला घेऊन येणार होतं. करुणाने हातापाया पडून पाहिलं. विमान गेलं. रविवारी लीनाचे वडील वारले.

सोमवारी लीनाचा फोन आला तेव्हा करुणा माझ्यासमोर उभी होती. लीना ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चूक होते गं ताई, मी पण करते. पण बुधवारी बाबांना खूप बोलायचं होतं. मी म्हटलं, बाकीचं शुक्रवारी समोर बसून बोलू, आणि फोन ठेवून दिला. मग ते शुद्धीवर आलेच नाहीत."

करुणाने फोन ठेवला. माझ्यावर कपाळ टेकून ती रडली. नंतर तिने सगळा फळा पुसला, तो '१' तेवढा ठेवला. वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही. आता कितीही घासलं तरी तो जात नाही. कॉम्प्युटर आला तेव्हा याच डागामुळे मला इथे आणून टाकलं.

मित्रांनो, मला इथून काढा असं मी म्हणत नाही. पण कुणाला जाण्याची तारीख द्याल तेव्हा शेजारच्याकडून ती एकदा मोठ्याने मोजून घ्या. आणि आपलं माणूस फोनवर असेल, तर बाकीचं भेटल्यावर, असं म्हणून तो ठेवू नका. त्याचं बोलणं संपू द्या.