शेडमधल्या गाडीचे पॉइंट

धाकटीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीची गोष्ट. आमच्या ह्यांनी गॅरेज बंद करून बराच काळ लोटला होता. साखरेच्या आजाराने नजर मंदावली होती, बोटं बधिर झाली होती. घरामागच्या शेडमध्ये त्यांची जुनी मोटरसायकल तेवढी उरली होती. ती गल्लीच्या टोकाला असतानाच आवाजावरून मला कळायचं, हे आले. मी चहाचं आधण ठेवायची.

ती गाडी सुरू होईना. थोरला म्हणाला, "बाबा, देऊन टाकू कुणाला तरी. जागा अडतेय."

"ठिणगीचे पॉइंट झिजलेत, कंडेन्सरही गेलाय. नवे आण, मी बसवतो. नाही जमलं तर खुशाल ने."

बोलले खरे, पण त्यानंतर त्यांना जेवण गोड लागेना. गाडीचं एवढं नव्हतं. आपला हात गेला, हे पोरासमोर ठरेल याची धास्ती होती.

रविवारी शेडमध्ये सतरंजी टाकली. गॅरेज नवं होतं तेव्हापासून ह्यांच्या हाताखाली मीच. ते एकेक भाग सोडवायचे, मी पुसून कापडावर ओळीने मांडायची. बसवताना ते कापडाकडे बघायचेसुद्धा नाहीत. गप्पा मारत मारत हात घालायचे आणि हवा तोच भाग उचलायचे.

त्या दिवशी नीट दिसावं म्हणून मी बॅटरी घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

"अगं, माझ्या डोळ्यांत काय मारतेस? पॉइंटवर मार."

"चालतात का डोळे, ते बघत होते."

"तोंड तुझं चालतंय, तेवढं पुरे."

पॉइंट, कंडेन्सर नवे. वॉशर, नट जुनेच. सगळं बसवून झालं. थोरल्याने किक मारून मारून घाम गाळला. प्लगवर ठिणगीच नाही. ह्यांनी हात पुसले.

"ने रे बाबा."

मी कापडाकडे बघत राहिले आणि डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, थांबा. मी एरवी कुठे बसायची?"

"समोर. का?"

समोर बसून मी माझ्या डावीकडून मांडत जायची. शेवटी सुटलेला भाग ह्यांच्या डाव्या हाताशी यायचा, आणि तोच आधी बसवायचा असतो. आज शेजारी बसल्यामुळे ओळच उलटी झाली. मोठे भाग हाताला कळले; बारीक वॉशर नाही कळले. करंट अडवणारा फायबरचा वॉशर लोखंडी वॉशरच्या जागी गेला आणि करंट सरळ गाडीच्या अंगात उतरत राहिला.

"म्हणजे चूक तुझी!" हे एकदम ताठ बसले.

"माझीच. खोला आता."

बॅटरी थोरल्याच्या हातात दिली आणि मी समोर जाऊन बसले. दुसऱ्या किकला गाडी बोलली. ह्यांनी कान देऊन ऐकलं, पॉइंट केसभर सरकवले, मग स्टँडवरच्या गाडीवर चढून बसले.

"बस मागे."

मी बसले. गाडी जागच्या जागी धडधडत होती.

"कुठे निघालात दोघं?" थोरल्याने विचारलं.

"तुला काय करायचंय? दार उघडं ठेव."

पुढच्या उन्हाळ्यात, एका सोमवारी दुपारी, हे गेले.