शेवटचं काय टाकलं होतं?

फोन बिघडला की माणसं खोटं बोलतात. दुरुस्तीच्या दुकानात बसून मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता चेहऱ्याकडे न बघताही कळतं. "सारखा बंद पडतो, काहीतरी मेसेज येतो आणि काळा होतो," असं म्हणत गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवतं. मी विचारते, "शेवटचं काय टाकलं होतं यात?" आणि ते विचारसुद्धा न करता सांगतं, "काही नाही हो." मग आत बघावं तर काल टाकलेला एखादा खेळ, नाहीतर फोटोतला चेहरा गोरा करणारं काहीतरी, हातपाय पसरून बसलेलं असतं. मालक म्हणतात, जरा गोड बोलत जा. मला जमत नाही. राग माझ्या नाकावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या सकाळी समोर एक शिक्षिका बाई उभ्या होत्या आणि त्याही "काही नाही हो" म्हणत होत्या, तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटा भाऊ होता.

माझ्या भावाला जन्मापासून दिसत नाही. घरात त्याला आम्ही कानसेन म्हणतो, कारण शेजाऱ्यांचा पंखा बिघडणार हे शेजाऱ्यांच्या आधी याला कळतं. आज त्याची चाचणी होती. फ्रिज बनवणाऱ्या एका कारखान्यात मोटारी नुसत्या ऐकायच्या आणि सदोष असेल ती बाजूला काढायची. असं काम जगात असतं हे कळल्यापासून स्वारी जमिनीवर नव्हती. अकराच्या आत फाटकातून आत या, उशीर झाला तर दुसऱ्याला बोलावू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मी सोबत जाणार होते. तो नको म्हणाला. "तू आलीस की लोक तुला विचारतात, 'यांना काय काय येतं?' मी तिथेच उभा असतो, ताई." मी बरं म्हटलं. मनातून मात्र मुळीच पटलं नव्हतं.

"ताई, फोन मुका झालाय," तो म्हणाला. मागे बस निघून गेल्याचा आवाज आला. "'ॲप बंद पडलं आहे' एवढं म्हणाला आणि गप्प. इअरफोनचं बटण चालतंय म्हणून तुला तरी लागला."

त्याच्या फोनमध्ये बोलणारं ॲप आहे. पडद्यावर जे असेल ते कानात वाचून दाखवतं, कुठे वळायचं ते सांगतं. एका हातात काठी आणि एका कानात तो आवाज, यावर तो गावभर फिरतो. नेहमीचा रस्ता असता तर आवाजाशिवायही गेला असता. आम्ही दोघांनी तो चालून पाठ केला होता. पण पुढचा रस्ता खणलाय, मागच्या फाटकाने या, असा कारखान्याचा निरोप कालच आला होता. मागच्या रस्त्याने तोही कधी गेला नव्हता, मीही नाही.

"बाजूचं बटण दाबून ठेव. बंद होऊन परत चालू होऊ दे," मी म्हटलं. "घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलोय? आवाज तुझाच कापतोय."

थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला. बोलायला लागलाय, निघतो. मी फोन कानावरून काढला, शिक्षिका बाईंकडे पाठ केली आणि नकाशा उघडला.

हे सांगायलाच हवं. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन चार्जिंगला लावायला मीच घेतला होता. त्यात मी एक ॲप टाकलं. त्याचं चिन्ह लपवलं, आवाज बंद केला. आता तो जिथे जाईल तिथे माझ्या नकाशावर एक निळा ठिपका दिसणार होता. 'ताजा ठावठिकाणा' असं लिहिलेलं बटण दाबलं की ठिपका सरकायचा. सकाळी त्याचा पहिला फोन यायच्या जरा आधी मी ते एकदा दाबूनही पाहिलं होतं. गेल्या वर्षी तो पाइपसाठी खणलेल्या चरात पडला होता. मनगट मोडलं, आणि बराच वेळ आम्हा कोणाला पत्ता नव्हता. दवाखान्यात त्याचा हात पाहिला तेव्हाच मी ठरवलं होतं, पुन्हा असं नाही. चोरून केलं, हो. पण कोणासाठी केलं?

मी बटण दाबलं. ठिपका बसथांब्यापासून पुढे सरकला. जीव भांड्यात पडला.

लगेच माझा फोन वाजला.

"ताई, परत तेच. 'सिस्टीम प्रतिसाद देत नाही' म्हणाला आणि मेला."

"कुठे आहेस?"

"गल्ली आहे. दोन्हीकडे भिंती असाव्यात, आवाज आपटतोय. ट्रक आहेत." मागे सरकणाऱ्या ट्रकची टीं-टीं मलाही ऐकू आली. मग कोणीतरी ओरडलं, आणि ती टीं-टीं एकदम मोठी झाली.

"बाजूला हो!"

"कुठली बाजू, ताई?"

तो भिंतीला चिकटला असावा, कारण काठी दगडावर घासल्याचा आवाज आला. ट्रक गेला. "कोणाला तरी विचार," मी म्हटलं. तो म्हणाला, सगळे काचा लावून गाड्यांत बसलेत, हाक कोणाला मारू? मी त्याला पुन्हा फोन बंद-चालू करायला सांगितलं, बोलणाऱ्या ॲपमधला कचरा साफ करायला सांगितला. खरं तर नंतर टाकलेली सगळी ॲप बंद ठेवून फोन चालू करायची एक सोय असते. दुकानात मी तीच आधी करते, कारण दोष कोणाचा ते तिथल्या तिथे कळतं. ती मात्र मी त्याला सांगितली नाही. का नाही सांगितली, ते मला तेव्हाही माहीत होतं.

फोन ठेवला आणि मी नकाशा उघडला. ठिपका गल्लीच्या मधोमध होता. बटण दाबलं. हलला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. त्याला फोन लावला तर बंद. घड्याळाचा काटा अकराकडे निघाला होता. शिक्षिका बाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, तुम्ही बसा. खेकसलेच असेन, कारण मालकांनी आतून मान बाहेर काढली. मी परत बटण दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर तो चर येत होता, त्याचं ते वाकडं मनगट येत होतं.

शेवटी फोन परत चालू करून त्यानेच मला लावला. त्याचा आवाज शांत होता. तो असा शांत झाला की मला जास्त भीती वाटते, कारण तेव्हा तो ऐकत असतो.

"ताई, आपण बोलत असतो तेव्हा हा एकदाही बंद पडला नाही. तू ठेवलास की थोड्या वेळाने कानात बारीक 'टक' होतं. मग मेसेज, मग मुका. मघाशी तर टक, टक, टक, लागोपाठ. बिघाड आतला असता तर तो कधीही आला असता. हा बाहेरून कोणीतरी ढोसल्यासारखा येतोय. फोन ठेवल्यावर तू काय करतेस?"

"काही नाही."

विचारसुद्धा न करता बोलले. शिक्षिका बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

"काल चार्जिंगला तू लावलास. शेवटचं काय टाकलंस माझ्या फोनमध्ये?"

ट्रकची टीं-टीं पुन्हा सुरू झाली होती. प्रत्येक वेळी मी तो कुठे आहे ते बघत होते, आणि प्रत्येक वेळी माझं ते बघणंच त्याला रस्त्याच्या मधोमध मुका करून सोडत होतं. अख्ख्या दुकानाला अक्कल शिकवणारी मी. मला तेव्हा माझीच किळस आली.

"तू कुठे आहेस ते दिसणारं एक ॲप आहे," मी म्हटलं. "तू तिथेच थांब. हलू नकोस. मी गाडी करून येते."

"तू आलीस की मी परत घरी," तो म्हणाला. "काढायचं कसं ते सांग."

"ऐक माझं, ट्रक—"

"ट्रक मला ऐकू येतायत. फोनचाच भरवसा नाही. ताई, सांग."

मी सांगितलं. सेटिंग्ज, मग सगळ्या ॲपची यादी, मग खाली. मी बोलत होते तोवर त्याचा फोन नीट चालला, कारण माझा फोन माझ्या कानाला होता. यादीत काय शोधायचं, असं त्याने विचारलं.

"पिल्लू," मी म्हटलं.

त्याच्या कानात जे वाचलं जात होतं ते त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं. "'पिल्लू. तुमचं बाळ आत्ता कुठे आहे? काढून टाकण्यासाठी पालकांचा पासवर्ड द्या.'" "पालकांचा पासवर्ड काय आहे, ताई?"

अजूनही मी अडवू शकत होते. पासवर्ड नाही दिला तर तो तिथेच उभा राहणार, मी पोचणार, हाताला धरून त्याला घरी आणणार. हात-पाय शाबूत. चाचणी काय, दुसरी कुठेतरी झाली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला सांगू? मग त्याचं ते वाक्य आठवलं. मी तिथेच उभा असतो, ताई.

मी आकडे सांगितले.

"गेलं," तो म्हणाला. "आता मी फोन करेन. तू करायचा नाहीस."

नकाशावरचा ठिपका नाहीसा झाला. त्या जागी 'हा फोन सापडत नाही' अशी ओळ आली. मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. शिक्षिका बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कालच एक खेळ टाकला होता हो. मुलांना ओरडते ना, म्हणून सांगायला लाज वाटली." मी तो काढला. त्यांना एक शब्द बोलले नाही. त्यांच्याकडून पैसेही घ्यायचे विसरले आणि मालकांनीही आठवण केली नाही. दुपारी डबा तसाच राहिला. ड्रॉवरमध्ये फोन वाजला की मी झडप घालायचे, आणि दर वेळी दुसरंच कोणीतरी असायचं. हात शिवशिवत होता, पण मी त्याला फोन केला नाही. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही.

दुकान आवरायच्या सुमाराला पायरीवर काठी वाजली. तो उंबरा ओलांडून सरळ काउंटरपाशी आला. शर्टाच्या एका बाहीला भिंतीचा चुना लागला होता, बाकी अंगावर ओरखडा नव्हता. मी एकदम उठले, त्याला धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"सोमवारपासून ये म्हणालेत," तो म्हणाला. मी रडायलाच लागले. मालक आतून बाहेर आले, त्याच्या पाठीवर थाप मारून पुन्हा आत गेले.

त्याने खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाईक ठेवतं तसा काउंटरवर ठेवला.

"बघ," तो म्हणाला. "अजून काय काय आहे यात?"

मी डोळे पुसले. फोन उघडला आणि एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, वरपासून खालपर्यंत. तो उभ्याउभ्या ऐकत होता. यादी संपली.

"आणखी?"

"काही नाही," मी म्हटलं.

तो काउंटरवर थोडा पुढे वाकला आणि मान कलती केली. दिवसभर मोटारींसमोर त्याने अशीच मान कलती केली असणार.

"परत म्हण."

"काही नाही रे. खरंच काही नाही."

तो तसाच ऐकत राहिला, बराच वेळ. मग त्याने हात पुढे केला आणि मी फोन त्याच्या हातात ठेवला.