ठोकळ्याची वाळू

शाळेच्या नव्या खोल्यांसाठी आलेली वाळू सुंदरबाईने मुठीत घेऊन ओल्या तळव्यावर चोळली. वाळू खाली पडली, पण तळहात चिखलाने माखला. वीस वर्षं वाळू चाळणाऱ्या बाईला आणखी काय पुरावा हवा? गावामागच्या नाल्यातली ती वाळू होती, अर्धी माती आणि उरलेली पिठासारखी बारीक. असल्या वाळूत सिमेंट खडीला धरत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, उखडलेली कामं पाहून ती शिकली होती.

कोपऱ्यात मात्र गोणपाटाखाली गिरणा नदीची सहा पोती वाळू होती, स्वच्छ आणि खरखरीत. ठेकेदार अभिमनआबाने ती खास ठोकळ्यांसाठी राखली होती. काँक्रीटचे ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि जळगावला मशीनखाली दाबून पाहायचे. ठोकळा टिकला की काम पास. कॉलमचे ठोकळे सुंदरबाईनेच भरले होते. त्या वेळी गोणपाटाखालची वाळू घ्यायला सांगितलं, तिने घेतली. पास झाल्याचे पेढे आले तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तपासणाऱ्या इंजिनिअर साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकायला या माणसाने तिचेच हात वापरले होते. तिची नात जूनमध्ये याच छपराखाली पहिलीत बसणार होती.

अभिमनआबाला तिने वाळूचं सांगून पाहिलं. बाईमाणसाने घमेली उचलावीत, अक्कल पाजळू नये, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला.

स्लॅबच्या दिवशी ठोकळे भरायला त्याने पुन्हा तिलाच बसवलं. सुंदरबाईने गोणपाटाला हातही लावला नाही. स्लॅबवर चाललेल्या मालातलंच घमेलं घेतलं, तीन थरांत भरलं आणि सळईने नीट ठोसलं. कुठेही कुचराई केली नाही.

महिन्याभराने जळगावहून इंजिनिअर साहेब आले. ठोकळे निम्म्या जोरातच फुटले होते.

अभिमनआबाने हात झटकले. ठोकळे या अडाणी बाईने बिघडवले, माल चोख आहे, म्हणाला. हीच वाळू कॉलमला होती, आणि कॉलम पास झालेच ना!

साहेबांनी सुंदरबाईला पुढे बोलावलं. तिचं माहेर पिंपळनेरकडचं. राग आला की तिकडचीच बोली तोंडात यायची.

"हाऊ ठोकळा खोटा नही शे, सायेब," ती म्हणाली. "स्लॅब सगळा बठ्ठा असाच शे. कॉलमना ठोकळा तेवढा गिरणानी वाळूना व्हतात."

साहेबांनी गोणपाट उचललं. खाली पाच पोती भरलेली होती. सहावं रिकामं.

 त्यांनी स्लॅबसकट कॉलमही पाडायला लिहून दिलं.

त्याच दिवशी अभिमनआबाने तिला कामावरून काढलं. पाडकाम सुरू झालं तेव्हा सुंदरबाई नातीला घेऊन गेली, कॉलमचा एक तुकडा उचलला आणि तिच्यासमोर बोटांनी कुस्करला. याला पास करणारे ठोकळे मी भरले होते, असं तिने नातीला सांगितलं.